करंजाजवळचा थांबा

पद्मा उठू नये, एवढ्याचसाठी मी ड्रोन उडवायला शिकलो.

गोठ्यात शेणावरून पाय घसरून ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. कोल्हापुरात ऑपरेशन झालं, आत सळी बसवली. घरी सोडताना डॉक्टर तिच्याकडे न बघता माझ्याशी बोलले. "आम्ही सांगेपर्यंत यांनी एकटीने पाय खाली टेकवायचा नाही. पुन्हा पडल्या तर आमच्याही हातात काही राहणार नाही." घरी आल्यावर मी ते वाक्य तिला जसंच्या तसं ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाटाचं पाणी कुणी फिरवलं?"

आमची वस्ती हातकणंगल्याच्या अलीकडे, रानातच आहे. अंगणातून उतरलं की आमचा ऊस लागतो. उसाच्या कडेने बांध जातो तो थेट ओढ्यापर्यंत. मी नोकरीभर कोल्हापूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, आणि रान पद्माचं होतं. मी निवृत्त झाल्यावरही ते तिचंच राहिलं. आता ती पडून होती आणि रोज सकाळी मला रानात पाठवत होती.

मी परत आलो की उलटतपासणी सुरू.

"कसा हाय ऊस?"

"चांगला आहे."

"चांगला म्हंजे? पाचट वाळलंय? ओढ्याकडच्या सरीत उंदरानं खाल्लंय का?"

"तसं काही दिसलं नाही."

"तुम्ही ओढ्यापतोर गेलता, का कोपऱ्यावर उभारून माघारी आला?"

मी गेलो होतो. पण आपण खरंच सगळं बघितलं का, अशी मलाच शंका यायची. तिच्या प्रश्नांची उत्तरं द्यायला मी पुन्हा जायचो, आणि ती नवे प्रश्न तयार ठेवायची.

एका पहाटे जाग आली तर ती कॉटच्या कडेला बसलेली. दोन्ही पाय खाली, एक हात खिडकीच्या गजाला. मी धावत जाऊन तिला धरलं. ती म्हणाली, "बघून येतो पाच मिंटात. तुम्ही झोपा की." मी तिला पुन्हा आडवं केलं. त्या दिवसापासून मला झोप लागेना. पलंग जरा करकरला की मी उठून बसायचो.

ड्रोन आमच्या भाग्यश्रीचा. ती पुण्यात रस्त्यांच्या मोजणीचं काम करते. तिला ऑफिसातून मोठा मिळाला तेव्हा हा तळहाताएवढा कॅमेऱ्याचा ड्रोन तिने आमच्या कपाटात आणून ठेवला होता. फोनवर मी भीत भीत विचारलं, तर ती म्हणाली, "पप्पा, तुमचे हात थरथरतात, तुम्ही रिमोटच्या काड्यांनी उडवू नका. स्क्रीनवर नकाशा आहे ना, त्यावर एकेक थांबा टाका. कुठे जायचं, किती उंचीवर, तोंड कुठे, किती वेळ थांबायचं. मग बटण दाबलं की ते आपलं आपण जातं आणि परत येतं."

हे मला जमण्यासारखं वाटलं. टेबलाशी बसून करायचं काम होतं. चुकलं तर कुणी बघण्याआधी खोडता येत होतं.

पहिला बेत मी फार विचार करून आखला. रानाच्या चारी कोपऱ्यांवर थांबे, उंची भरपूर, म्हणजे कशाला धडकायची भीती नको. बटण दाबलं. ड्रोन अंगणातून वर गेला, फिरला, परत आला. मी पडदा पद्मापुढे धरला. तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं.

"हे कुणाचं रान?"

"आपलंच."

"आपलं असं न्हाय."

मी बोट ठेवून दाखवलं, ही विहीर, हा गोठा. ती मान हलवत राहिली. "घारीला दाखवा जावा हे. मी काय आभाळातनं जातो व्हय रानात?"

तानाबाई तिला सांभाळायला येते. ती केर काढता काढता म्हणाली, "आक्का, हिरवी गोधडी वाळत घातल्यागत दिसतंय बघा." दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. रात्री डोक्यात तेच. ती रान ओळखते ते बांधावरून चालत. हाताला पाती लागतात, डाव्या अंगाला शेजारचं रान, पुढे करंजाचं झाड, मग उतार, मग ओढा. तिला तेच हवं होतं, त्याच क्रमाने.

मी सगळे थांबे पुसले. बांधावरून चालत एकेक जागा निवडली, फोनमध्ये खूण करून घेतली. उंची ठेवली डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेल्या बाईएवढी. त्याहून खाली न्यायचं धाडस होईना. वेग तिच्या चालीचा. उसाची पाती बांधावर वाकली होती ती आधी विळ्याने छाटली, एखाद्या पात्याने पंखा अडवला तर सगळंच संपेल म्हणून. छाटून झाल्यावर दोनदा जाऊन पाहिलं.

यावेळी पडदा बघताच तिचे ओठ हलायला लागले. "हितं मिरच्या लावल्या होत्या मी... पाणी मुरलंय चांगलं... ह्ये पाचट कुणी टाकलं वाटंत?" मला वाटलं, जमलं. तेवढ्यात ती म्हणाली, "ओढ्याकडं गेल्यावर मी उंच का झालो? माडीवर चढल्यागत वाटालंय."

फोन करून विचारलं तेव्हा भाग्यश्री हसली. ड्रोन उंची मोजतो ती जिथून उडाला त्या जागेपासून. आमचं अंगण वर, ओढा खाली. बांध उतरत गेला तरी ड्रोन अंगणाच्याच मापाने चालला होता. मग मी प्रत्येक थांब्याची उंची उताराप्रमाणे कमी केली. तिसऱ्या दिवशी पद्मा ओढ्यापर्यंत नीट चालत गेली आणि नीट परत आली.

त्यानंतर रोज दिवस कलायच्या आधी एक फेरी व्हायची. तानाबाई ड्रोन अंगणात ठेवायची, मी बटण दाबायचो, पद्मा पडल्या पडल्या जाऊन यायची. मग आमची जेवणं, आम्ही जैन म्हणून सूर्य मावळायच्या आत, नेहमीसारखी. तिचे पाय उशीवर असायचे. ती झोपायची. मला मात्र प्रत्येक फेरीत घाम फुटायचा. वारा सुटला तर, कावळा आला तर, बॅटरी मध्येच बसली तर. ड्रोन अंगणात टेकेपर्यंत मी दारातून ओसरीवर आणि ओसरीवरून दारात करत असायचो.

मग शेजारच्या रानातली नांगरट झाली.

ते रान अरिहंतचं. माझ्या चुलतभावाचा मुलगा, म्हणजे बांधाला बांध आणि नात्याला नातं. त्याचा ऊस कारखान्याला गेला होता. एका दुपारी ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला. त्या संध्याकाळी पद्माला ताप होता, म्हणून फेरीचं चित्रण मी एकट्यानेच बघितलं. करंजाच्या थांब्यावर ड्रोन थांबला, डावीकडे वळला, आणि मला काहीतरी वेगळं वाटलं. कालचं चित्रण काढलं. आजचं लावलं. पुन्हा कालचं.

करंजाजवळ हद्दीचा दगड आहे. काल तो गवतात होता, त्याच्या पलीकडे अजून हातभर बांध होता. आज तो आमच्या बाजूला सरकून नांगरटीच्या कडेवर, एका अंगाला कललेला. पलीकडचा बांध नव्हता. तिथे काळी ढेकळं होती.

बांध कोरला होता.

आमच्याकडे माणसं एकमेकांना रक्त देतात, पण बांध देत नाहीत. अरिहंतच्या वडिलांनी एकदा असंच केलं होतं. तेव्हा पद्मा भाकरी बांधून घेऊन त्या दगडापाशी जाऊन बसली होती, आणि दगड जागेवर येईपर्यंत उठली नव्हती. मी त्या दिवशी कामावर होतो. गावाने नंतर मला सांगितलं. आता हे तिला दिसलं तर ती काय करेल, हे मला सांगायला कुणाची गरज नव्हती. वॉकर मिळाला तर वॉकरने, नाहीतर सरपटत जाईल. आणि उतारावर नांगरलेल्या ढेकळांत ती पडेल.

मी टेबलाशी बसलो आणि करंजाचा थांबा पुसून टाकला. ड्रोन आता त्याच्या आधीच वळणार होता, उसाच्या मधल्या पायवाटेने ओढ्याकडे. नकाशावर रेघ इतकी सरळ आणि निरपराध दिसत होती की मी ती बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिने फेरी बघितली. तिसऱ्या दिवशी बघितली आणि म्हणाली, "करंज कुठं गेला?"

"फांद्या वाढल्यात. अडकेल म्हणून तिथून नेत नाही."

"माघात करंजाला फांद्या वाढत्यात व्हय?"

मी बॅटरी चार्जिंगला लावायच्या निमित्ताने आतल्या खोलीत गेलो. तिने मला हाक मारली नाही, हे वाईट चिन्ह होतं. संध्याकाळी तानाबाईने ताट आणलं तर तिने तोंड भिंतीकडे केलं. दिवस मावळत चालला होता. मी तीनदा म्हटलं, "पद्मा, चार घास खा, मग खाता येणार नाही." सूर्य गेला. ताट तसंच राहिलं. मीही जेवलो नाही, पण ते तिच्या लक्षात आलं का, कळलं नाही.

पहाटे कॉट करकरली. मी उठलो तर ती पुन्हा पाय खाली सोडून बसलेली, आणि यावेळी एक टाच फरशीला टेकलेली.

"पाय वर घे," मी म्हणालो. "सांगतो. आधी पाय वर घे."

तिने पाय वर घेतले. मी सांगितलं. दगड, ढेकळं, पुसलेला थांबा, सगळं. ती छताकडे बघत होती.

"वॉकर द्या."

"मी जातो."

ती माझ्याकडे वळली. "तुम्ही? तुम्ही काय बोलणार त्याला? तुम्हाला एसटीत कंडक्टरकडनं सुट्टे मागाय होत न्हाय."

"बोलेन."

"बोलशीला आणि त्येचाच चहा पिऊन याल."

ते अगदी शक्य होतं. म्हणून मी जे म्हणालो ते विचार न करता म्हणालो. "करंजाचा थांबा मी परत टाकतो. तोंड बरोबर दगडाकडे. तू इथून बटण दाब आणि बघ. मी काही केलं नाही असं दिसलं, तर मग तू ऊठ. मी अडवणार नाही. पण तोवर पाय खाली येता कामा नयेत."

तिने चष्मा लावला. "बटण कुठलं, दाखवा," ती म्हणाली.

दुपारी मी गेलो तेव्हा अरिहंत रानातच होता, सरी सोडायच्या तयारीत. मी वाटेत तीन वाक्यं जुळवली होती. पहिलं नम्र, दुसरं स्पष्ट, तिसरं त्याने नाही म्हटलं तर. बांधावर त्याला बघताच तिन्ही गेली.

"काका, आज वाट चुकला काय?" तो लांबूनच म्हणाला. "काकू कशी हाय?"

"बरी आहे."

"या की, बसा. चहा सांगतो."

"नको." तेवढं तरी मी म्हणालो. मग म्हणालो, "थंडी कमी झाली."

"व्हय. ऊन लागतंय आता."

आम्ही उन्हाबद्दल बोललो. पाण्याच्या पाळीबद्दल बोललो. त्याने भाग्यश्रीचं विचारलं, मी सांगितलं. दगड आमच्या मध्ये होता, त्याच्या पायापासून वीतभर, आणि मी त्याच्याकडे सोडून सगळीकडे बघत होतो. मनात म्हणत होतो, आता. आता. आणि तोंडातून निघत होतं, कारखान्याने यंदा तोड लवकर दिली वाटतं.

उसामागून भुंग्यासारखा आवाज आला. ड्रोन बांधावरून आला, भाऱ्याच्या उंचीवर, पद्माच्या चालीने. करंजाच्या अलीकडे थांबला. डावीकडे वळला. दगडाकडे तोंड करून हवेत उभा राहिला.

अरिहंतने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ह्ये तुमचं रोजचं खेळणं न्हवं?"

"हो."

"कोण चालवालंय? तुम्ही तर हितं."

"ती."

त्याने टोपी सारखी केली. अर्धवट हसत कॅमेऱ्याकडे हात केला. "काकू, बरं हाय न्हवं?"

ड्रोन हलला नाही. मी ठरवलेला वेळ संपला, तसा तो वळला आणि ओढ्याकडे निघून गेला. मला ठाऊक होतं, तिने काय बघितलं असेल. दोन माणसं उभी राहून गप्पा मारताहेत. घरी कॉटच्या कडेला एक पाय सरकत असेल.

मी दगडापाशी गेलो आणि खाली बसलो. एकदम बसता येईना, एक गुडघा, मग हात, मग दुसरा गुडघा. ढेकूळ टोचलं.

"काका, काय झालं? चक्कर आली?"

"दगड हलला आहे, अरिहंत." माझा आवाज मलाच बारीक वाटला. "तो जागेवर बसेपर्यंत मी उठणार नाही."

त्याने एकदा दगडाकडे बघितलं. मग त्याचा आवाज चढला. "म्या हलवला व्हय? ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं हुतं, बांध धरून चल म्हणून. त्येच्या फाळाला लागला आसंल. वीतभर जागंसाठी तुम्ही मातीत बसालाय? लोक काय म्हणतील?"

"मला माहीत नाही लोक काय म्हणतील."

"आन् उन्हात किती वेळ बसणार?"

"मी उठलो तर ती उठेल," मी म्हणालो. "ती उठली तर पडेल. डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून मला उठता येत नाही."

हे वाक्य मी जुळवलेल्या तिन्हींत नव्हतं. अरिहंत माझ्याकडे बघत राहिला. मग सरीकडे गेला, परत आला. कुणाला तरी फोन लावला आणि न बोलता बंद केला. मी बसून होतो. पाय बधिर झाला. मला सारखं वाटत होतं, की याचं उलटं होईल, तो चिडून निघून जाईल, आणि मी इथे एकटा, उठवायलाही कुणी नाही.

पुन्हा आवाज आला. तानाबाईने बॅटरी बदलली असणार, हे मला सुचलंच नव्हतं. ड्रोन त्याच वाटेने आला, त्याच जागी थांबला, त्याच बाजूला वळला. यावेळी त्याच्यासमोर मी मातीत बसलेलो होतो. त्याच्याकडे बघावं की नाही, ते कळेना. मी दगडावर हात ठेवला.

अरिहंत पुटपुटला, "बा सांगायचा, त्या काकूच्या नादाला लागू नगंस." तो खोपीकडे गेला आणि पहार आणि खोरं घेऊन आला. "सरका. पायावर पडंल."

मला सरकता येईना. त्यानेच काखेत हात घालून मला बाजूला केलं. मग त्याने दगडाच्या मुळाशी पहार घातली.

दगड उभा राहिल्यावर मी घरी आलो, तेव्हा पद्माचे पाय उशीवर होते. मी आधी तेच बघितलं.

"वाकून काय बसला तसं?" ती म्हणाली. "पाठ ताठ ठेवाय येत न्हाय? आन् टोपी कुठं हाय?"

टोपी बांधावर राहिली होती. मी खुर्चीत बसलो. तानाबाईने पाणी दिलं. "अण्णा, तिसऱ्यांदा पाठवलंया आक्कानं आत्ताच," ती म्हणाली. "त्यो खड्डा भरालता."

पद्माने तिन्ही फेऱ्यांचं चित्रण एकापाठोपाठ एक लावलं. हे तिला कधी जमायला लागलं, मला माहीत नाही. पहिल्यात आम्ही दोघं उभे. दुसऱ्यात मी खाली. तिसऱ्यात अरिहंत एकटा, खोऱ्याने माती ओढताना, आणि दगड सरळ उभा.

"बघा, सरकला," ती म्हणाली. "वीतभर पलीकडं गेलाय."

मी चष्मा पुसून बघितलं. मला तसं वाटलं, आणि लगेच वाटलं नाही. "हा ड्रोन दर वेळी थोडा इकडेतिकडे थांबतो," मी म्हणालो. "हातभर फरक पडू शकतो. दगड तिथेच असेल, आपणच सरकलो असू."

"करंजाकडं बघा की. त्यो पण सरकलाय व्हय?"

मी करंजाकडे बघितलं. तिन्ही चित्रांत खोड दगडाच्या मागे होतं. पहिल्यात दगडाने खोड अर्धं झाकलं होतं. तिसऱ्यात खोड पूर्ण मोकळं होतं आणि दगड त्याच्या बाजूला.

"पर अजून हातभर जायाचाय," पद्मा म्हणाली. "उद्या परत जाऊन बसा."

मी म्हणालो, "बघू." माझ्या तोंडून "हो" निघालं नाही. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. तानाबाईने तिचं ताट आणलं आणि ती जेवायला लागली, एकेक घास नीट चावून, डोळे पडद्यावर. मी टेबलाशी जाऊन बसलो. करंजाच्या थांब्यावर बोट ठेवलं आणि थांबायची वेळ वाढवली. मग वाटलं, फार होईल, बॅटरी पुरणार नाही. कमी केली. पुन्हा वाढवली.